मुलगा काय करतो?

प्रिय टाकीवाल्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस का? नव्या वर्षाचं कार्ड आणि त्यात खुशालीची एखादी ओळ, एवढ्यावरच आपण इतका काळ भागवला. आज पानंच्या पानं बघून काहीतरी वाईट घडलं असं तुला वाटेल, म्हणून आधीच सांगतो, मी ठणठणीत आहे. ताईसुद्धा. गुडघे कुरकुरतात, पण आवाज अजून तस्साच आहे. टेलिफोन एक्स्चेंजमधून कधीच निवृत्त झाली, तरी तोंड उघडलं की वाटतं, आता विचारील, कुठला नंबर पाहिजे?

बातमी अशी की, आपल्या गावात सिनेमावाले येऊन गेले. माझा स्टुडिओ त्यांनी भाड्यानं घेतला. आता तिथे फोटो काढायला येतं कोण? मी आपला सवयीनं उघडतो, पुसतो, बसतो. दिग्दर्शिका तरणी मुलगी होती, मला काका म्हणायची. मागचा रंगवलेला पडदा बघून ती हरखलीच. तोच, सरोवर आणि हंसांचा, ज्यातला एक हंस बदकासारखा दिसतो म्हणून तू मला छळायचास. हंस तसाच आहे.

सिनेमा विनोदी, प्रेमाचा. बँकेतला एक तरुण, त्याचं लग्न जमवायला सगळं गाव कंबर कसून बसलेलं. त्याचा जीव मात्र नव्या संगीत शिक्षकावर जडलेला. शिक्षिकेवर नाही, शिक्षकावर. ही गोष्ट गावात फुटली तेव्हा सलूनपासून भाजीबाजारापर्यंत हाच विषय. असले सिनेमे इथे कशाला, असं म्हणणाऱ्यांत आपला औषधवाला सर्वांत पुढे होता. गर्दीच्या दृश्यासाठी माणसं हवीत म्हटल्यावर रांगेतही तोच सर्वांत पुढे, नवा शर्ट घालून.

स्टुडिओत ते दिव्यांची जुळवाजुळव करायचे आणि मी कोपऱ्यात स्टूल टाकून बसायचो. त्या दोघा नटांना सरोवरापुढे खांद्याला खांदा लावून उभं केलं होतं, तेव्हा मला तू आठवलास. गळक्या व्हॉल्व्हचे फोटो अहवालाला जोडायचेत म्हणून पहिल्यांदा आला होतास, चिखलाच्या बुटांनी. फोटो धुताना बघू का, म्हणालास. मग तुझ्या खात्यात इतके व्हॉल्व्ह गळायला लागले की साहेबांनाही नवल वाटलं असेल. डार्करूमच्या दारावर ‘काम चालू आहे, आत येऊ नये’ ही पाटी होती. सगळ्या गावात तेवढंच एक दार होतं जे बंद असल्याबद्दल कुणी काही विचारलं नसतं. लाल दिव्यात तुझा चेहरा, बोटांना लागलेला रसायनांचा वास, आणि ट्रेमधल्या कोऱ्या कागदावर हळूहळू उमटणारी पाण्याची टाकी. माझ्या तारुण्याचं विचारशील तर मला एवढंच आठवतं, आणि ते पुष्कळ आहे.

मग तुझी बदली झाली. निरोप समारंभाचा फोटो काढायला ऑफिसनं मलाच बोलावलं. तू मधल्या खुर्चीत, गळ्यात हार. जरा हसा, असं मी सगळ्यांना म्हणालो. तू हसलास. ती निगेटिव्ह मी धुतली, पण डाग-सुरकुत्या झाकायची पेन्सिल तिला लावली नाही. तुझ्या डोळ्यांखाली जे होतं ते तसंच राहू दिलं.

ताईनं त्यानंतर माझ्या लग्नाचा ध्यास घेतला. स्वतः विधवा होऊन माझ्याकडे राहायला आली होती, घरात आणखी एक बाई असावी असं तिला वाटायचं. गंमत बघ, मुलींचे जे फोटो ती मला दाखवायची, ते निम्मे माझ्याच स्टुडिओत काढलेले. मी प्रकाशयोजनेतले दोष काढायचो. शेवटी ती थकली.

तर सिनेमात ताईला काम मिळालं. दिग्दर्शिकेनं तिला दूधवाल्याशी वाद घालताना ऐकलं आणि नायकाच्या मावशीसाठी पसंत केलं. वाक्य एकच. नायक म्हणतो, “मावशी, मुली दाखवू नकोस. माझं एका मुलावर प्रेम आहे.” त्यावर मावशी शांतपणे विचारते, “बरं. मुलगा काय करतो?” बस्स. पण ताईला ते काही केल्या जमेना. तिचं ‘मुलगा काय करतो’ अगदी ‘कुठला नंबर पाहिजे’सारखंच निघायचं. मग घरात सराव सुरू झाला, आणि नायक कोण? मीच. चहा गाळताना, कपडे वाळत घालताना ती हुकूम सोडायची, हं, म्हण. आणि मी म्हणायचो. या वयात, स्वतःच्या बहिणीला, दिवसभर. सुरुवातीला वाक्य अर्ध्यातच तुटायचं. मग वाक्य गुळगुळीत झालं, आणि तेच वाईट झालं.

एका दुपारी ती ओट्यापाशी काकडी चिरत होती. हं, म्हण, म्हणाली. मी म्हटलं, “ताई, माझं एका मुलावर प्रेम होतं.”

ती मान वर न करता म्हणाली, “होतं काय? आहे म्हण. नीट वाचत जा.”

कागद माझ्या हातात नव्हताच. मी म्हटलं, “आहे.”

“बरं. मुलगा काय करतो?”

“पाणीपुरवठ्यातून रिटायर झाला.”

सुरी थांबली. तिनं माझ्याकडे बघितलं, मग खिडकीतून टाकीकडे बघितलं. आणि अगदी हळू, एक्स्चेंजचा आवाज सोडून, म्हणाली, “तो? मला वाटायचं, तो माझ्यासाठी येतो.”

देवाशप्पथ सांगतो, असंच म्हणाली. तू यायचास तेव्हा ती माहेरपणाला आलेली असली की ठेवणीतले कपडे घालून चहा आणायची, आठवतं? नवरा असताना असं मनात आलं म्हणून नंतर स्वतःवरच चिडायची म्हणे. मला हसू फुटलं, आणि ती चपला घालून निघून गेली. काकडी अर्धी चिरलेली तशीच. माझ्या मनात नाही नाही ते आलं. या घरात मला बोलायला तीच एक होती, आणि मी माझ्या हातानं तिलाही घालवलं, असं वाटलं. दिवेलागणीला ती आली ती रडून डोळे लाल झालेली. म्हणाली, “मी तुला फोटो दाखवत राहिले आणि तू प्रकाशाबद्दल बोलत राहिलास. एवढी वर्षं मी कुणाबरोबर राहत होते रे?” मग तिनं उरलेली काकडी चिरली आणि आम्ही जेवलो.

चित्रीकरणाच्या दिवशी तिनं ते वाक्य पहिल्याच वेळी असं म्हटलं की कॅमेरावाल्यानंही मान बाहेर काढून तिच्याकडे बघितलं. दिग्दर्शिकेनं विचारलं, मावशी, हे कसं केलंत? ताई म्हणाली, घरी सराव केला.

सिनेमा गेल्या महिन्यात इथे लागला. शेवटी ते दोघं एकाच सायकलवरून भर बाजारातून जातात, तेव्हा टाळ्या पडल्या. काही लोक मध्येच उठूनही गेले, तेही सांगायला हवं. औषधवाला मात्र स्वतःला गर्दीत शोधत शेवटपर्यंत बसला. ताईनं अंधारात माझा हात धरला होता.

आता खरं काम. तुझ्या यंदाच्या कार्डात लिहिलंस की मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय आणि थेंब घालायला कुणाला तरी बोलावून घ्या असं डॉक्टर सांगतात, पण कोणाला बोलवायचं ते कळत नाही. ते कार्ड ताईनं वाचलं. तिचं म्हणणं, डोळ्यांचा डॉक्टर इथेही आहे, आणि थेंबांपुरतं यायचं तर येऊच नकोस. सामान घेऊन ये, राहायला ये. शेजारी विचारतील, असं मी म्हटलं, तर म्हणाली, विचारू देत, मला बोलता येतं. बाकीचं तुमचं तुम्ही समोरासमोर बोला, असाही तिचा हुकूम आहे. पण समोर मला जमायचं नाही हे तुला माहीत आहे, म्हणून ते इथेच लिहून टाकतो. तुझ्यावाचून इतकी वर्षं काढली रे, पण सवय काही झाली नाही. ये.

तुझाच, अजूनही तुझाच,
फोटोमास्तर