एकतीस पत्रकांच्या मागील बाजू वाचण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
विशेष गरजा असणाऱ्या मुलांच्या शिक्षण सेवा
(कुटुंब अभिप्राय व सेवासुधारणा शाखा),
तिसरा मजला, जिन्यासमोर.

विषय : कुटुंबांच्या अभिप्राय पत्रकांच्या मागील बाजू वाचून, कक्ष क्र. ६ बंद करण्याचा आदेश रद्द करण्याबाबत.

संदर्भ : १) आपले 'अभिप्राय निरंक' असा शेरा असलेले पत्र.
२) अर्जदाराचे यापूर्वीचे दोन अर्ज.
३) गेल्या गुरुवारी झालेली सुनावणी.

महोदय,

आपल्या सूचनाफलकावर सांगितल्याप्रमाणे या अर्जात 'मी' असे कुठेही न लिहिता 'अर्जदार' असे लिहिले आहे. समास सोडला आहे. कागदाच्या एकाच बाजूला लिहिले आहे. आता हा अर्ज परत पाठवायचा झाल्यास शाखेला नवे कारण शोधावे लागेल, त्याबद्दल अर्जदार आधीच दिलगिरी व्यक्त करते.

१. अर्जदार शिवणकाम करते. शाळेच्या मागच्या गल्लीत चावीवाल्याच्या दुकानाचा अर्धा भाग तिच्याकडे आहे. पलीकडे त्याची कानस चालते, अलीकडे हिचे मशीन. अर्जदारास एकच मुलगी, वय वर्षे नऊ. कागदोपत्री तिचे नाव वेगळे असले तरी घरात, गल्लीत आणि शाळेत ती खारू, कारण दिसेल ते बटण उचलून ती खिशात साठवते. खारू बोलत नाही. ती बहिरी नाही, हट्टी नाही आणि लाडावलेली तर मुळीच नाही. शेवटचा शब्द आपल्या शाखेतील एका व्यक्तीने वापरला होता म्हणून येथे नोंदवून ठेवला आहे.

दोन वर्षांपूर्वी शाळेची घंटा झाली की खारू स्वतःचे मनगट चावायची. रक्त निघेपर्यंत चावायची. मग मंगळवारी आणि शुक्रवारी विशेष शिक्षिका तिच्याबरोबर कक्ष क्र. ६ मध्ये बसू लागल्या. आम्हा घरच्या लोकांत त्यांना कार्डवाल्या बाई म्हणतात. पाणी, शू, दुखतंय, घंटा होणार, अशी चित्रांची कार्डे त्यांनी खारूला एकेक करून शिकवली. पहिले कार्ड कळायला चार महिने लागले. बाईंनी त्या चार महिन्यांत एकदाही घड्याळाकडे पाहिले नाही. आता घंटेच्या आधी कार्ड दाखवले की खारू कानांवर हात ठेवते आणि घंटा थांबली की काढते. मनगटावरचा व्रण जुना झाला आहे. आपल्या कार्यालयात ज्याला 'सेवा' म्हणतात ती हीच, आणि ती बंद होऊ नये एवढ्याचसाठी अर्जदार हे सर्व लिहीत आहे.

२. आपल्या शाखेने सेवा सुधारण्यासाठी कुटुंबांचे अभिप्राय मागवले, ही गोष्ट चांगली झाली. अर्जदाराला त्या दिवशी खरेच आनंद झाला होता. पत्रकावर प्रश्न होता, 'सेवेबाबत आपणांस काही सांगावयाचे आहे काय?' आणि त्याखाली उत्तरासाठी चौकट होती. अर्जदाराने टेपने मोजली. लांबी चार सेंटिमीटर, रुंदी दीड. एवढ्या कापडात काजही नीट बसत नाही.

शाळेच्या व्हरांड्यात आम्ही एकतीस घरची माणसे ती पत्रके हातात घेऊन उभी होतो. बेकरीतल्या भट्टीकामगाराने विचारले, "यात काय लिहायचं? मुलाचं नाव तरी मावेल का?" अर्जदारास कपडा आधी उलटा करून पाहण्याची सवय आहे, कारण खरे काम आतल्या बाजूला दिसते. तिने पत्रक उलटवले. मागची बाजू पूर्ण कोरी होती. ती म्हणाली, "एवढी जागा आहे की. मागे लिहा सगळ्यांनी." लिहिता न येणाऱ्यांचे तिने स्वतः लिहून दिले. हा सल्ला अर्जदाराचा होता, दुसऱ्या कोणाचा नव्हता.

३. मागे काय लिहिले होते ते आपणांस माहीत नाही, म्हणून थोडक्यात सांगते. बसचालकाने लिहिले की शाळेचा चाकाच्या खुर्चीसाठी केलेला उतार जिथे संपतो तिथे एक पायरी आहे, त्यामुळे तो रोज आपल्या मुलाला खुर्चीसकट उचलतो, आणि त्याची पाठ काही सरकारी नाही. एका आजोबांनी लिहिले की कक्षातला दिवा लुकलुकतो आणि नातू तासभर धडा सोडून लुकलुकणे मोजत बसतो. दिवा बदलावा, नपेक्षा निदान गणिताचे गुण द्यावेत. एका आईने लिहिले की तपासणीच्या तारखेचे पत्र तपासणी होऊन गेल्यावर येते. जुळ्यांच्या मावशीने लिहिले, 'मुलांसमोर त्यांच्याबद्दल बोलता, तेव्हा मुलांना ऐकू येतं.' भट्टीकामगाराने फार विचार करून दोनच शब्द लिहिले : 'बाई हव्यात.' ते चौकटीतसुद्धा मावले असते. पण सगळे मागे लिहीत होते म्हणून त्यानेही मागेच लिहिले.

महोदय, फुकटात एवढ्या कामाच्या सूचना कोणत्याही कार्यालयाला मिळत नाहीत.

४. तीन आठवड्यांनी आपले पत्र आले. 'प्राप्त पत्रके एकतीस. अभिप्राय निरंक. सबब सर्व कुटुंबे समाधानी असून अधिक सेवेची गरज नसल्याचे गृहीत धरण्यात येत आहे. कक्ष क्र. ६ येत्या एक तारखेपासून बंद करून तेथे जुने फर्निचर ठेवण्यात यावे. विशेष शिक्षिकेची सेवा अन्यत्र वर्ग करण्यात येत आहे.'

हे पत्र अर्जदाराने मशीनवर बसून तीनदा वाचले. मग तिने चावीवाल्याला वाचायला दिले, न जाणो आपलेच डोके फिरले असेल म्हणून. त्यानेही वाचले आणि कानस खाली ठेवली.

अर्जदार त्याच दिवशी आपल्या आवक खिडकीवर आली. खिडकीवरचे शिक्केवाले काका भले माणूस आहेत. त्यांनी सांगितले, "बाई, पत्रकं मशीन वाचतं, ते पुढचीच बाजू बघतं. मागची बाजू त्याला दिसत नाही." अर्जदाराने विचारले, "मग माणसाला?" काका म्हणाले, "माणसाची जागा भरलेली नाही."

५. मागची बाजू पाहावी असा पहिला अर्ज अर्जदाराने केला. तो परत आला, कारण अभिप्रायाबाबतचे म्हणणे अभिप्राय पत्रकावरच मांडावे असा नियम निघाला. अर्जदाराने पत्रक मागितले, तर अभिप्रायाची मुदत संपली होती. मुदत वाढवावी म्हणून दुसरा अर्ज केला. त्याला उत्तर आले नाही, पण 'आपल्या तक्रारीच्या हाताळणीबाबत आपण समाधानी आहात काय' हे विचारणारे नवे पत्रक मात्र घरपोच आले. त्यावरही चौकट होती. या वेळी लांबी साडेतीन.

दरम्यान आपल्या जिन्यात एक चौकटबद्ध प्रमाणपत्र लागले आहे. मागच्या वेळी चारच कुटुंबांनी पत्रके दिली होती, यंदा एकतीस कुटुंबांनी दिली, तेव्हा कुटुंबांच्या उल्लेखनीय सहभागाबद्दल शाखेचा गौरव झाला आहे. प्रमाणपत्राला हारही आहे. अर्जदार त्या जिन्याने नऊ वेळा चढली-उतरली आहे आणि प्रत्येक वेळी तिच्या मनात जे आले ते अर्जात लिहिण्यासारखे नाही.

६. एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. लुकलुकणारा दिवा लिहिणारे आजोबा मध्यंतरी एकदा दुकानाच्या पायरीवर आले आणि म्हणाले, "पोरी, तुझं ऐकलं आणि पोराच्या बाई घालवून बसलो." अर्जदाराच्या हातातली सुई तशीच राहिली. एकतीस घरांतल्या मुलांचे नुकसान आपल्या एका वाक्याने झाले, हे तिच्या मनाला फार लागले आहे. दोन दिवस तिने कोणाच्या तोंडाकडे पाहिले नाही. तिसऱ्या दिवशी मात्र तिला राग आला, आणि तो योग्य माणसांवर आला. कोऱ्या जागेवर लिहिणे हा गुन्हा नाही. लिहिलेले न वाचता 'समाधानी' असा शिक्का मारणे हा काय आहे, ते आपण ठरवावे.

७. यानंतर शाखेचे सुनावणीचे पत्र आले. त्यात लिहिले होते : 'लाभार्थीने समक्ष हजर राहून आपले म्हणणे तोंडी मांडावे.' जी मुलगी बोलत नाही म्हणून सेवा घेते, तिनेच येऊन सेवा का हवी ते बोलून दाखवावे, असा त्याचा अर्थ होतो. अर्जदाराने खिडकीवर विचारले की हे पत्र चुकून आले आहे का. शिक्केवाले काका मान खाली घालून म्हणाले, "सगळ्यांना एकच मसुदा जातो."

अर्जदार खारूला घेऊन गेल्या गुरुवारी हजर झाली. कार्डवाल्या बाईंना आत येऊ दिले नाही, कारण त्या संबंधित कर्मचारी आहेत. टेबलामागे सहायक अधिकारी होते. ते वाईट बोलले नाहीत, हे प्रामाणिकपणे नमूद करते. त्यांनी खारूला विचारले, "बाळ, तुला काय सांगायचंय?" खारूने टेबलावरची स्टेपलरची पिन खिशात टाकली. त्यांनी पुन्हा विचारले, आवाज वाढवून विचारले. मोठ्याने विचारले की मूल बोलते, असा बऱ्याच लोकांचा समज असतो.

मग खारूने गळ्यातली कार्डांची पिशवी उघडली. घाई केली नाही. एक कार्ड ठेवले, बाईंच्या फोटोचे. दुसरे ठेवले, कक्षाच्या दाराचे. तिसरे ठेवले, 'हवं'. तिन्ही एका ओळीत, कडा जुळवून. तीन कार्डे जोडून खारूने पूर्ण वाक्य यापूर्वी कधीही केले नव्हते. शिक्केवाले काका फाइल घेऊन दारात उभे होते, ते नकळत मोठ्याने वाचून गेले, "बाई, खोली, हवं."

सहायक अधिकाऱ्यांनी तिन्ही कार्डांकडे पाहिले. नंतर नोंदवहीकडे पाहिले. तोंडी म्हणण्याच्या रकान्यात त्यांनी लिहायला घेतले, 'नि'.

८. येथपर्यंत जे घडले त्यावर अर्जदाराची मागणी सरळ आहे. एकतीस पत्रकांच्या मागील बाजू जिवंत माणसाने वाचाव्यात. तसा माणूस नसल्यास अर्जदार येऊन वाचून दाखवेल, तिला वाचता येते. तोपर्यंत बाईंची बदली आणि कक्षाला कुलूप, दोन्ही थांबवावे. सेवा समाधानकारकरीत्या पूर्ण झाल्याच्या ज्या संमतिपत्रावर आमच्या सह्या मागितल्या आहेत, त्यावर एकाही घरची सही मिळणार नाही. आजोबांनीही नाही म्हटले आहे, ते काल परत येऊन पायरीवर बसले आणि म्हणाले, "माझंही नाव घाल." एक तारखेला सकाळी फर्निचर घेऊन येणाऱ्यांना कक्षात एकतीस घरांची मुले आणि माणसे बसलेली दिसतील. भट्टीकामगाराने सुट्टी काढली आहे. बसचालकाने पायरीपाशी उभे राहण्याचे काम घेतले आहे. ही धमकी समजू नये. आपण सहभाग मागितला होता, आम्ही सहभागी होत आहोत.

९. सुनावणीचा राहिलेला भाग नोंदवहीत नाही, म्हणून येथे लिहून देते. साहेबांनी 'नि' लिहिले तेव्हा खारू खुर्चीवरून उतरली. टेबलाला वळसा घालून त्यांच्या बाजूला गेली. पिशवीतून 'थांब' हे कार्ड काढून तिने ते साहेबांच्या लिहित्या हातावर ठेवले आणि वरून आपला तळवा दाबून धरला.

साहेब थांबले. पेन कागदावरून उचलले. खोलीतल्या सर्वांनी ते पाहिले.

महोदय, म्हणजे तिने काय म्हटले ते त्यांना कळले. जे कळले, तेवढेच त्या रकान्यात लिहून घ्यावे.

आपली,
नम्र, पण गप्प न बसणारी,
(सही)
खारूची आई, शिवणकाम
दिनांक : एक तारखेला सात दिवस बाकी

सोबत :
१) एकतीस घरांनी मागील बाजूचा मजकूर पुन्हा लिहिलेले कागद. या वेळी पुढील बाजूला.
२) संमतिपत्रे एकतीस, प्रत्येकावर 'मान्य नाही'.
३) 'थांब' कार्ड जोडलेले नाही. ते मुलीला रोज लागते.