डोइना, पोमाना म्हणजे काय गं?

प्रिय डोइना,

तुझी आई दार उघडत नाहीये. सोमवारपासून. आज गुरुवार झाला आणि शनिवारी सकाळी तिचं विमान आहे. या खेपेला तरी ते रद्द होणार नाही असं म्हणतात. म्हणजे माझ्या हातात काय उरलं? आजची संध्याकाळ आणि उद्याचा दिवस!

तुला पत्र लिहायचं म्हणजे वेडेपणाच, तोही मराठीत. पण तू गेलीस तिथे सगळ्या भाषा कळत असाव्यात. नाहीतर एवढ्या लांब जाऊन उपयोग काय? आणि विचारू तरी कुणाला? हॉलंडमधल्या बाडहूव्हडॉर्पच्या या इमारतीत रोमेनियन शब्दाचा अर्थ इंग्रजीत सांगणारी तू एकटीच होतीस. मला एका शब्दाचा अर्थ हवाय, डोइना. तो कळला नाही तर तुझी आई मनात काहीतरी भयंकर घेऊन घरी जाईल, आणि आयुष्यभर ते उगाळत बसेल.

आठवतं, हे सगळं सुरू कसं झालं? गोदामात तुला शिफ्टची प्रमुख व्हायचं होतं. साहेब इंग्रजीत सांगणार, आणि नव्याने आलेल्या तुमच्या मंडळींना तू रोमेनियनमध्ये अर्थ सांगायचा. मी पुण्यात शाळेत इंग्रजी शिकवायचे हे तुला कसं कळलं देव जाणे. एका संध्याकाळी सरळ माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसलीस आणि म्हणालीस, "मेदा, टीच." मेधा म्हणता आलं नाही तुला शेवटपर्यंत!

मी तुला आमच्या पद्धतीने शिकवलं. घोकंपट्टी! पाढे म्हणतात तसं, तालावर, मोठ्यांदा. मी इंग्रजी म्हणायचं, तू अर्थ म्हणायचा. मग तुझी अट काय, तर अर्थ मीही पाठ करायचा. "का म्हणून मी एकटीनेच मठ्ठ दिसायचं?" वा गं वा! त्या पायी चाळिशी उलटल्यावर मी पाठ केलं की तुमच्यात टेबल म्हणजे मासा आणि सुरी म्हणजे कुत्सित. आतल्या खोलीतून नवरोबा मंदार ओरडायचा, "अगं, मी कॉलवर आहे, जरा हळू!" आणि आमची इरा, तिचं ठरलेलं: "मामा, दू नॉर्माल." आई, नीट वाग. या देशात वाढलेल्या पोरांना आई नॉर्मल हवी असते.

मग तो रोग आला आणि आपले शब्दही बदलले. ब्रेड, डोअर, स्पून राहिले बाजूला. मास्क, फीवर, कफ, डिस्टन्स. गोदामाच्या भिंतीवर रोज नवी सूचना लागायची, तू तिचा फोटो काढून आणायचीस आणि आपण खिडकी उघडी टाकून, टेबलाच्या दोन टोकांना बसून घोकायचो. मला तर प्रत्येक शब्दासरशी घसा खवखवल्यासारखं व्हायचं. तू मात्र हसायचीस.

एकदा त्या सूचनेत 'डेथ' आला. दिवेलागणीची वेळ होती. मी म्हटलं, हा राहू दे, तिन्हीसांजेला अशुभ बोलू नये. मला वाटलं तू हसशील. पण तू टेबलावर टकटक केलंस, खोटं खोटं थुंकलीस आणि म्हणालीस, "नेक्स्ट." आपण दोघींनी मिळून ते सगळं गाठोडं बाजूला ठेवलं. त्यानंतर आजारापलीकडचा एकही शब्द आपण शिकलो नाही.

तुझ्यावर मी रागावलेही आहे, सांगून ठेवते. अंगात ताप असताना तू पॅरासिटामॉल घेऊन कामावर गेलीस! हाउसआर्ट्सला, आपल्या नेहमीच्या डॉक्टरला फोन कर, निदान विचार तरी, असं किती वेळा ओरडले मी दाराबाहेरून? "उद्या करते." नुकती प्रमुख झाली होतीस ना, रजा कशी घ्यायची! आणि घरात तुझी म्हातारी आई. दोन आठवड्यांसाठी लेकीला भेटायला आलेली आउरिका आजी, विमानं बंद पडली म्हणून इथेच अडकलेली. तिची तरी काळजी होती का तुला?

होती. माहीत आहे मला. हॉस्पिटलमधून शेवटचा व्हिडिओ कॉल केलास तेव्हा तुला धड श्वास घेता येत नव्हता. तू म्हणालीस, "मामा... ग्रिजा." वरी आणि केअर, इंग्रजीला दोन शब्द लागतात, तुमच्यात दोन्हीला ग्रिजा आणि आमच्यात दोन्हीला काळजी. हे आपल्याला कळलं त्या दिवशी केवढ्या खूश झालो होतो आपण! आईची काळजी घे, एवढंच तुला म्हणायचं होतं. तेव्हापासून मी दोन्ही करतेय, घेतेय आणि करतेय.

मग हॉस्पिटलचा फोन मला आला, कारण नंबर तू माझा दिला होतास. मी तुझ्या दारात जाऊन उभी राहिले. आजीने दार उघडलं. मला पाव म्हणजे पुय्ने येत होतं, पाणी येत होतं, ताप, खोकला, खिडकी सगळं येत होतं. नेमका तोच शब्द नव्हता. तुझ्या घरी मी कधी रिकाम्या हाताने गेले नाही गं, निदान चार चकल्या तरी असायच्याच. त्या दिवशी आजीने माझ्या तोंडाकडे नाही, हातांकडे बघितलं. आणि खालीच बसली.

तुला गाडीतून रोमेनियाला, गावी नेलं. तेव्हा आजी स्वतः तापाने पडलेली, तिला जाता आलं नाही. मी रोज तिच्या खिडकीत डबा ठेवत राहिले. आपल्या गॅलरीत सगळ्यांची स्वयंपाकघरं बाहेर उघडतात ते किती बरं! ती वरण खायला लागली, भातही खायला लागली. मला ती 'मेदा' म्हणायला लागली. मला वाटलं, चला, जमतंय.

आणि मग, गेल्या रविवारी, तुझा चाळिसावा दिवस आला.

आजीने कोलिवा केला. शिजवलेले गहू, साखर, वरून अक्रोड. आपल्या गव्हाच्या खिरीची कोरडी बहीणच म्हण. तो तुझ्या वाडग्यात घातला. तोच, निळ्या काठाचा मातीचा, ज्यात तू खिडकीशी उभी राहून सूप प्यायचीस. वर मेणबत्ती, खाली नवा टॉवेल. माझ्या हातात देऊन म्हणाली, "पोमाना. डोइना." मी दोन्ही हातांनी घेतला. सगळ्यांनी मिळून खाल्ला. इरानेसुद्धा तोंड वाकडं न करता खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मी काय केलं असेल? सांग बरं! कुठलीही मराठी बाई जे करेल तेच. वाडगा घासूनपुसून लख्ख केला, टॉवेल धुऊन इस्त्री केली, आणि शेजारणीचं भांडं रिकामं परत देऊ नये म्हणून त्यात चांगला केशर घातलेला शिरा भरला. दाराची बेल वाजवली.

आजीने वाडगा बघितला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. "नु, नु, नु!" हात मागे घेतले, वाडग्याला स्पर्शसुद्धा करेना. "डोइना... डोइना..." म्हणत रडायला लागली आणि दार लावून घेतलं. मी शिरा घेऊन उभी.

काय काय नाही आलं मनात! माझ्या हातचं खाऊन संसर्ग होईल असं वाटलं का? रोज वरणभात खातेय तो चालतो? शिरा दुखवट्यात चालत नाही का? लेक गेलीय आणि ही गोड घेऊन आली, असं वाटलं का? इराला म्हटलं, तुझ्या फोनला विचार बाई, पोमाना म्हणजे काय. फोन म्हणाला, भीक.

भीक! मग मात्र माझं डोकं फिरलं. मी काय भिकारीण आहे? इतके दिवस डबे कोण देत होतं? मंगळवारी मी रागाने तिच्या खिडकीकडे बघितलंसुद्धा नाही. डबा इराकरवी पाठवला. तो तसाच बाहेर राहिला. बुधवारीही तसाच. मग राग गेला आणि नुसती काळजी उरली. आजी जेवतेय का? तिला काही झालं तर? तुला तोंड काय दाखवू?

आज सकाळी पुण्याला फोन केला. सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांना रोमेनिया कुठे आहे हेही धड ठाऊक नाही, पण सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मेधा, ह्यांच्या तेराव्याला आपण छत्री दिली, चपला दिल्या, तांब्या-भांडं दिलं. आठवतंय?"

"हो."

"समज, तो तांब्या गुरुजींनी दुसऱ्या दिवशी साखर भरून आणून परत दिला असता तर?"

माझ्या अंगावर काटाच आला, डोइना. तांब्या परत आला म्हणजे वर पोचलाच नाही. म्हणजे त्या वाटेवर माणसाला पाणी प्यायला भांडं नाही. सासूबाई किती दिवस जेवल्या नसत्या!

"तिच्या लेकीचं ताट तू परत केलंस गं," त्या म्हणाल्या. "चुकून केलंस, पण केलंस."

असंच आहे का? हाच अर्थ ना पोमानाचा? फोनला नाही कळला, पुण्यात बसलेल्या माझ्या सासूला कळला? तू 'येस' म्हण, टेबलावर टकटक कर, काहीतरी खूण कर. म्हणजे इतके दिवस ती म्हातारी दाराआड बसून हाच विचार करत असणार की तिची डोइना उपाशी आहे. आणि तेही माझ्यामुळे.

आता हे तिला सांगायचं कसं? 'मी वाडगा परत करत नाहीये' एवढं वाक्य तरी येतं का मला? टेबल, सुरी, ताप, खोकला! थांब. सांगायचं कशाला? वरण गरम करते. आल्यावर पुढचं लिहिते.

आले.

खुर्ची घेतली, तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर गॅलरीत ठेवली आणि बसले. वारा असा की पदर असता तर उडून विमानतळावर गेला असता. तुझ्या वाडग्यात वरणभात कालवला, वर तूप, लिंबू, आणि हाताने जेवायला लागले. मंदार दारात येऊन म्हणाला, "मेधा, लोक बघताहेत." म्हटलं, बघू देत. समोरचा डच आजोबा कुत्रा घेऊन गेला, बिचाऱ्याने 'स्माकलक' म्हटलं, सावकाश जेवा.

अर्धा वाडगा संपला तरी पडदा हलेना. ती घरात आहे ना? पडली तर नसेल ना? उठून दार बडवणार, एवढ्यात पडदा सरकला.

आजीने आधी माझ्याकडे नाही, वाडग्याकडे बघितलं. मी वाडगा छातीशी धरला. "माइन," मी म्हटलं, आणि तू शिकवलंस तसं, तालावर, "अल मेउ." माझा. परत एकदा म्हटलं. मग आकाशाकडे बोट केलं, तुझं नाव घेतलं आणि आणखी एक घास खाल्ला.

खिडकी उघडली. आजी काहीतरी म्हणाली, मला कळलं नाही. तिने पुन्हा म्हटलं, एकेक अक्षर सुटं करून, आणि बोटाने मला खुणावलं, तू म्हण. "बोग्दाप्रोस्ते." मी म्हटलं. तिने मान हलवली, चुकलं. पुन्हा. अगदी तुझ्यासारखी मास्तरीण! तिसऱ्यांदा जमलं आणि तिने छातीवर क्रूसाची खूण केली. चेहरा असा सैलावला गं तिचा. घेणाऱ्याने असं म्हटल्याशिवाय तुला पोचत नसावं, बहुतेक. रविवारी मी न म्हणताच घेतलं होतं, आणि वर सोमवारी परत द्यायला गेले होते!

मग ती आत गेली, पावाचा जाड तुकडा घेऊन आली आणि खिडकीतून हात लांब करून माझ्या वाडग्यात टाकला. दुसरा तुकडा स्वतः खायला लागली. सोमवारनंतरचा पहिला घास असेल. आम्ही दोघी रडत रडत पाव खात होतो आणि इरा दारातून बघत होती. एकदाही 'दू नॉर्माल' म्हणाली नाही.

शनिवारी आम्ही तिला विमानतळावर सोडायला जाऊ. तिकडे उतरल्यावर तिचा भाचा येईल, मी त्याच्याशी बोलले आहे. ती पोचेपर्यंत माझ्या जिवात जीव नसणारच, ते तू गृहीत धर. पण ती आता मनात ओझं घेऊन जाणार नाही.

आणि तुला शब्द देते, डोइना. हा वाडगा मी कधीही, कुणालाही परत करणार नाही. उद्या पुण्याला परत गेलो तरी तो माझ्याबरोबर येईल, आणि माझ्या घरी तो रिकामा राहणार नाही. तेवढी आमची रीत आहे. आज वरणभात होता, उद्या उपमा करीन. तिखट लागलं तर सांग. जेव बाई, पोटभर जेव.

शेजारच्या दारातली, आणि आता तुझ्या वाडग्यात जेवणारी,
मेदा