समोरच्या काकांची पांजणी

बाबा,

या सोमवारी सकाळी समोरचे काका आपल्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, उद्या पांजणी करायची आहे, आभाळ कसं राहील ते सांग. मी दात घासत होते. तोंडात फेस, खांद्यावर शाल, आणि सत्तरीचा हा माणूस माझ्याकडे अशा विश्वासाने बघतोय, जसा एके काळी सगळा मोहल्ला तुमच्याकडे बघायचा. मी चूळ भरून आले आणि म्हटलं, काका, मोबाईलवर बघा ना, तो तासातासाचं सांगतो. तर म्हणाले, "मोबाईलले बालाघाटचं मालूम. आपल्या गल्लीचं त्याले काय मालूम? तू त्याची पोरगी होय, तू सांग." मी एकतीस वर्षं शाळेत हिंदीतून भूगोल शिकवला. थंडी सरताना पश्चिमेकडून येणारे ढग, त्यांची कारणं, नकाशावरचे बाण, सगळं फळ्यावर काढून दाखवलं. पण आपल्या गल्लीवर उद्या ऊन पडेल का, एवढं सांगायची वेळ आली तेव्हा पहाटे सांगते म्हणून मी काकांना दारातूनच परत पाठवलं. का पाठवलं ते तुम्हाला ठाऊक असेल किंवा नसेल. त्यासाठीच लिहायला बसले आहे.

वारासिवनीत आता पांजणी कुणी करत नाही, बाबा. शेजारी भाड्याने राहणाऱ्या मुलीने मला विचारलं, ये अंकल क्या करनेवाले हैं, तर मला तिला सुरुवातीपासून समजावावं लागलं. ताण्याचं सूत गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बांबूंवर ताणायचं, तांदळाची खळ कुंच्याने त्यावर चोपडायची, आणि कोवळ्या उन्हात ते हळूहळू वाळू द्यायचं. मग धागा कडक होतो आणि मागावर तुटत नाही. आठ माणसं लागतात, आणि ती गल्लीतलीच येतात. आज आम्ही तुमच्याकडे, उद्या तुम्ही आमच्याकडे. वाळण्याआधी पाऊस आला तर खळ धुऊन जाते, धागे एकमेकांना चिकटतात आणि सगळं सूत वाया जातं. ती मुलगी म्हणाली, फिर छत पे क्यों नहीं करते. आमच्या गल्लीइतकी लांब गच्ची कुणाची आहे, असं मी तिला विचारलं. ती हसली आणि कामावर गेली. बोलायला एवढंच माणूस आहे मला, आणि तेही हिंदीत. मराठीत बोलायला फक्त समोरचे काका-काकू उरलेत. होळी झाली की त्यांचा मुलगा त्यांना नागपूरला घेऊन जाणार आहे. माग मोडून टाकायचा ठरलाय. त्याआधी काकांना एक शेवटचा ताणा काढायचा आहे, काकूंच्या लुगड्यासाठी. जन्मभर दुसऱ्यांच्या बायकांसाठी विणलं, म्हणतात.

तुमचे डोळे गेले होते, हे गल्लीत कुणालाही माहीत नव्हतं. माहीत होतं ते फक्त आईला आणि मला. विणकराचे डोळे गेले म्हटल्यावर त्याच्याकडे काम कोण देणार, म्हणून तुम्ही ते लपवलंत. धोटा तुम्ही सवयीने फेकायचात, तुटलेला धागा आई जोडायची, आणि पांजणीआधी सगळी गल्ली तुम्हाला विचारायची ते आभाळ मी बघायचे. तुम्ही मला शिकवलं होतं, पहाटे उठून आधी मागच्या पडवीच्या टिनावर हात फिरवायचा. दवाने ओलं असेल तर रात्रभर आभाळ मोकळं होतं असं समजायचं. कोरडं असेल तर समजायचं की ढग आहेत, अंधारात दिसत नसले तरी आहेत. मग राइस मिलच्या चिमणीचा धूर बघायचा, सरळ वर जातो की आडवा पसरतो. शेवटी तलावाच्या पलीकडे पश्चिमेला बघायचं. मी येऊन तुमच्या कानाशी सांगायचे आणि तुम्ही ओट्यावर जाऊन वर बघितल्यासारखं करून म्हणायचात, टाका. की लोक बांबू काढायला पळायचे. मला त्याची फार गंमत वाटायची. सगळी गल्ली तुमचं ऐकते आणि तुम्ही माझं ऐकता, म्हणजे खरी मुखत्यार मीच, असं मी मनातल्या मनात मिरवत असे.

मग ती माझ्या अकरावीच्या बोर्डाची थंडी आली, तेव्हा बोर्ड अकरावीलाच असे. त्या वर्षीही माघ संपताना असाच आठवडा होता. एक दिवस स्वेटर, एक दिवस पंखा, मध्येच एखादी सर. समोरचे काका तेव्हा नुकते लग्न होऊन वडिलांपासून वेगळे निघाले होते. त्यांची स्वतःच्या नावाची पहिलीच पांजणी होती. आदल्या संध्याकाळी ते रीतीप्रमाणे घरोघर सांगून गेले आणि आपल्याकडे दोनदा आले. पहाटे तुम्ही मला हाक मारलीत. मी गोधडीत होते. पाय जरा कुठे गरम झाले होते. डोक्यात संस्कृतची रूपं फिरत होती आणि बाहेर जाऊन त्या गार पत्र्यावर हात ठेवायच्या कल्पनेनेच अंगावर काटा आला. मी गोधडीतूनच म्हटलं, ओलं आहे बाबा, धूर सरळ आहे.  मग तुमच्या वहाणांचा आवाज ओट्याकडे गेला आणि तुम्ही म्हणालात, टाका.

आठ वाजता पाऊस आला. अर्धा तासच आला, पण ठरवून आमच्या गल्लीवरच आल्यासारखा. मी पुस्तक घेऊन दारात उभी होते. काकू, तेव्हाची नवी नवरी, डोक्यावरचा पदर काढून ताण्यावर धरत होती, जणू एका पदराखाली अख्खी गल्ली मावेल. पांढरी खळ नालीतून वाहत गेली. नंतर पंधरा दिवस ती दोघं ओट्यावर बसून चिकटलेले धागे नखाने सोडवत होती, आणि शेवटी काकांनी तो सगळा गुंता उचलून चुलीमागे टाकला आणि राइस मिलमध्ये पोती वाहायला गेले. सहा वर्षं त्यांनी मागाला हात लावला नाही.

तुम्हाला कुणी तोंडावर काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. पुढच्या पांजणीला लोक खालच्या आळीच्या एका म्हाताऱ्याला विचारायला गेले, आणि मग तीच रीत पडली. आणि तुम्ही? तुम्ही रोज पहाटे उठून ओट्यावर जाऊन उभे राहायचात. कुणी विचारायला येत नव्हतं, वर काही दिसत नव्हतं, तरी उभे. "पोरीने सांगितलं होतं" एवढं एक वाक्य तुम्ही म्हणू शकला असतात. पण ते म्हटलं असतं तर डोळ्यांचंही सांगावं लागलं असतं. की मला वाचवायचं होतं तुम्हाला? हे मी पंचेचाळीस वर्षं दोन्ही बाजूंनी उलटून पाहिलंय आणि अजून मला ठरवता आलेलं नाही.

तुम्ही मला एकदाच विचारलंत. दुपारी, आई बाहेर गेली असताना. "टिन पाह्यलं होतं काय?" मी म्हटलं, हौ. तुम्ही मान हलवलीत आणि पुन्हा कधी विषय काढला नाहीत. आठ-दहा दिवसांनी बाजारातून माझ्यासाठी एक स्वेटर आणलात, नेपाळी लोक हंगाम संपताना बसतात त्यांच्याकडून. रंग तुम्हाला दिसला नसणारच. तो डाळिंबी होता आणि मला दोन माप मोठा होता. माझ्या हातात देऊन म्हणालात, "सकाळी थंडी लागते बाई. घालत जाय." मी तो घातला, आणि पेपरही त्यातच दिले. तुम्हाला कळलं होतं का, बाबा? कळलं असेल तर तो स्वेटर म्हणजे मला मारलेली थप्पड होती, आणि नसेल तर नुसता स्वेटर. त्यानंतर दोन वर्षांत तुम्ही गेलात आणि विचारायचं राहून गेलं. मी मेलीने विचारलं असतं असंही नाही.

तर हा आठवडा. मंगळवारी मी पहाटे साडेचारला उठून मागच्या टिनावर हात फिरवला. पत्रा बदलला आहे, आता रंगीत आहे, पण गार तितकाच लागतो. कोरडा होता. मी काकांना नाही म्हणून सांगितलं, आणि दिवस असा लखलखीत निघाला की काका खळीचं पातेलं शेजारी घेऊन ओट्यावर बसले आणि दिवसभर माझ्या दाराकडे बघत राहिले. शेवटी काकूंनी त्या खळीत ताक घालून म्हशीला पाजली. बुधवारी पुन्हा नाही म्हटलं, खरं सांगायचं तर निव्वळ भीतीने, आणि दुपारी गारा पडल्या, वाटाण्याएवढ्या, शेजारच्या मुलीच्या स्कूटीवर ताड ताड वाजत. तेव्हापासून मोहल्ल्यात माझा भाव वाढला. गुरुवारी तलावावरून इतकं धुकं आलं की समोरचं घर दिसेना. शुक्रवारी वारा सुटला, आंब्याचा मोहर झडून सगळ्या गल्लीत पसरला आणि उकडायला लागलं. मी रोज पहाटे उठत होते, बाबा. तेव्हा चुकवलेल्या त्या एका पहाटेसाठी या आठवड्यात एकही चुकवली नाही. कुणी आपली वाट बघतंय म्हणून उठायला किती बरं वाटतं, हे मी निवृत्त झाल्यापासून विसरूनच गेले होते.

शनिवारी टिन ओलं होतं. हात फिरवला तर मनगटापर्यंत पाणी ओघळलं. खात्री वाटेना म्हणून पुन्हा फिरवला. धूर सरळ होता, पश्चिम मोकळी होती. तरी मी पाच मिनिटं पडवीत उभी राहिले, कारण होय म्हणायला जीभ उचलेना. मग समोर जाऊन सांगितलं, टाका. आठ जण हवे होते, सहा जमलो. गल्लीतल्या मोटारसायकली बाजूला काढाव्या लागल्या. शेजारची मुलगी सुट्टी असल्यामुळे आली, आणि तिला कुंचा कसा धरायचा ते काकू हातवारे करून शिकवत होत्या. नऊच्या सुमारास एक ढग आला. एकटाच, लहानसा, पण सूर्यावर येऊन बसला. मी भिंतीला धरून उभी राहिले. काका कुंचा थांबवून माझ्याकडे बघत होते. मग ढग सरकला. साडेदहापर्यंत ताणा वाळून तारेसारखा कडक झाला आणि काकांनी त्यावरून हात फिरवून डोळे मिटले.

त्यानंतर काकूंनी चहा केला. बाकीचे निघून गेले आणि आम्ही तिघंच ओट्यावर बसलो. काका खुशीत होते. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तुझा बाप त्या दिवशी पाहाले उठलाच नसन. आळस केला असन. तू नाई केला." काकू म्हणाल्या, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये. तर काका म्हणाले, वाईट कुठे बोलतो, माणूस चांगला होता, फक्त एक दिवस आळस केला, आणि त्या एका दिवसापायी मी सहा वर्षं पोती वाहिली.

त्या वेळी सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं, बाबा. वाक्य तयार होतं, मराठीत, तेही आपल्या घरच्या मराठीत. काका, बाबा उठले होते, आळस मी केला होता, आणि त्याईले तर दिसतच नव्हतं. एवढंच. बशीतला चहा मी फुंकत राहिले. मग म्हटलं, साखर बेताची आहे, छान झालाय. आणि घरी आले.

आज रविवार. आभाळ पुन्हा भरून आलंय, पण आता येऊ दे. काका आत ताणा मागावर चढवत आहेत, फणीचा आवाज इथपर्यंत येतोय. हे सगळं लिहून झाल्यावर एकदा वाचून काढलं. यातलं बहुतेक तुम्हाला ठाऊकच असणार. ज्याला ठाऊक नाही तो माणूस गल्लीच्या त्या बाजूला बसलाय, बारा पावलांवर. हे कागद त्याच्या हातात द्यायला हवेत, आणि होळीला अजून दोन आठवडे आहेत. पण मी ते घडी करून कपाटात ठेवणार आहे, हे मला आत्ताच दिसतंय. तुम्हाला लिहिणं सोपं आहे, बाबा. तुम्ही तेव्हाही कुणाला काही सांगितलं नव्हतं.