सात नंबरची सुई

३ मार्च

बारा सुया दिल्या, बारा परत. कात्री एक, परत.

खरे सांगायचे तर ‘परत’चा रकाना मी वर्ग सुरू व्हायच्या आधीच भरून ठेवतो. शेवटी घंटा होते, घाई होते, अक्षर बिघडते. खाडाखोड झालेली वही मला बघवत नाही. वर्षभरात हिशेब एकदाही चुकलेला नाही.

मला इथे पाठवणाऱ्या संस्थेच्या पत्रात माझे पद ‘सुधारणा कार्यक्रम विशेषज्ञ’ असे आहे. अकरावी नापास माणूस विशेषज्ञ! पहिल्या पत्रात ‘विषेशज्ञ’ छापले होते, ते मी दुरुस्त करून मागितले. जेलच्या गेटवरचा शिपाई शंकर रोज झडती घेताना विचारतो, “काय विशेषज्ञ, आज कोणाक सुधारतलंस?” मी बंद्यांना मासेमारीची जाळी विणायला शिकवतो. आणि त्यांच्या रजेच्या अर्जावर वर्तनाचा शेरा लिहितो. जाळी बाबांनी शिकवली. शेरा कोणी शिकवला नाही.

करार ३१ तारखेला संपतो. वाढवायचा की नाही ते तुरुंगाधिकारी साहेब ठरवणार.

५ मार्च

देवगडचे गिऱ्हाईक, भाई, त्यांचे जाळे आज संपले. कडेचे शेवटचे हातभर बाप्तिस्तकाका विणत होते. (वहीत ‘बंदी बाप्तिस्त’. काका फक्त इथे.) तेवढ्यात त्यांना फोनसाठी बोलावले. भाईंचा टेम्पो बाहेर उभा. मग त्यांच्याच सुईने, सात नंबरच्या, मी कड पुरी केली. दोघा बंद्यांनी जाळे गुंडाळून टेम्पोत टाकले.

काका तोवर परत येऊन दाराशीच थांबले होते. “जुलियाचो फोन. झील भेटूक तयार झालो.”

जुलिया त्यांची बायको. मुलगा डायलन, त्याने चार वर्षांत बापाचे तोंड बघितलेले नाही. जेलच्या दारात पाय ठेवणार नाही, घरी आलात तर भेटेन, असे त्याचे म्हणणे. सोळाला तो बोटीवर नोकरीला निघतो. मग नऊ महिने नाही. काकांची रजा वरून मंजूर होऊन आली आहे. फक्त माझा शेरा आणि साहेबांची सही बाकी.

‘समाधानकारक’. उद्या लिहीन, चांगल्या पेनाने.

६ मार्च

अकरा.

तीनदा मोजल्या. अकरा. बहिणीच्या, रश्मीच्या, नेलपॉलिशने मी प्रत्येक सुईवर नंबर घातलेत. ती अजून त्या बाटलीवरून बोलते. सात नाही.

साहेबांनी विचारले, “काल मोजून घेतल्या होत्यास?”

वही उघडीच होती. १२ परत. माझे अक्षर, एकही खोड नाही.

“हो साहेब.”

“म्हणजे कपाटातून गेली. बांबूची वीतभर सुई. फरशीवर घासली की पोटात जाते, कळतंय?”

काल मोजल्या का, ते मला आठवत नाही. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता एवढेच आठवते.

७ मार्च

बराकीची झडती. कांबळी, ताटे, साबणसुद्धा कापून बघितले. बारा जणांना अंगावरचे कपडे काढून उभे केले. वर्ग बंद. फोन बंद. बाबली, सगळ्यांत तोंडाळ, मला बघून म्हणाला, “मास्तर, तुम्ही मोजून घेतलास मां? मग आमका कित्याक उघडे करतत?”

काका रांगेत शेवटी होते. माझ्याकडे बघत होते.

८ मार्च

जेवलो नाही. रश्मी म्हणाली, “पोटात दुखता काय रे?” हो म्हणालो.

१० मार्च

सात नंबर कोणाकडे असायची, साहेबांनी विचारले. सांगावे लागले.

“मग बाप्तिस्तचा शेरा ‘असमाधानकारक’ लिही. रजा रद्द होऊ दे. बाकीचे आपोआप बोलतील.”

मी म्हणालो, फॉर्म घरी राहिला. फॉर्म पिशवीत होता, पिशवी मांडीवर.

११ मार्च

आज म्हणालो, पेन चालत नाही.

१२ मार्च

समुपदेशन असे लिहून काकांना भेटायची परवानगी काढली. शिपाई लांब उभा होता. मी हळू विचारले, काका, सुई कुठे असेल?

“देवगडाक.”

मला कळेना.

“फोनवरसून येय होतंय, तेव्हा बघलंय. कड संपवलंस आणि सुई जाळ्यातच खोवलंस. जाळीवाल्याचो झील, दुसरा काय करतलंस?”

बाबांची शिकवण! सुई भुईवर टाकायची नाही, जाळ्यात खोवायची, नाहीतर हरवते. हात आपोआप गेला असेल.

“मग साहेबांना सांगितलं का नाही?”

“तुझ्या पुस्तकात बारा परत. वर तू हो म्हटलंस. पुस्तकाच्या म्होरे कैद्याचा तोंड कोण ऐकता?” मग उठताना म्हणाले, “तुझा तू बघ. माका सोळाच्या आधी घर गाठूचा आसा, इतक्याच.”

१३ मार्च

देवगडला फोन केला. भाई हसत होते. “गावली रे! जाळा पसरताना हाताक लागली. नखाक लावतत ता लावलेली सुई पयल्यांदाच बघलंय. उद्या सकाळच्या एसटीच्या ड्रायव्हराकडे देतंय.”

एसटी नऊला येते.

१४ मार्च

सुई हातात आली. लाल सात. दोरा अजून भरलेला.

साहेबांना खरे सांगितले तर करार गेला. एक वाट दिसली. सुई वहीच्या पुठ्ठ्यात घालून आत न्यायची, कपाटामागे टाकायची, ‘सापडली’ म्हणायचे. काका सुटतील, मीही सुटेन. शंकरने पिशवी चाचपली, वही नाही. “विशेषज्ञ, घाम कित्याक?” म्हणाला.

आत गेल्यावर बघतो तर कपाट भिंतीत बसवलेले. त्याला मागचे असे काही नाहीच! वर्षभर रोज उघडतो ते कपाट. टेबलाखाली, चटईखाली, सगळीकडे झडती होऊन गेलेली. साहेब जेवायला गेले, आले. दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत फिरलो. वही छातीशी धरून बसलो होतो.

चारला त्यांच्या टेबलावर सुई ठेवली. वही उघडली आणि ५ तारखेच्या ‘१२ परत’वर आडवी रेघ मारली. रकाना आधीच भरतो, तेही सांगितले.

साहेबांनी सुई उचलून नंबर बघितला. “बारा माणसांना नागडं केलं मी. तुझ्या अक्षरावर.” मग फॉर्म पुढे सरकवला. “आधी त्याचा शेरा लिही. तुझा मी लिहितो.”

समाधानकारक. अक्षर हलले. तसेच ठेवले.

सहाला काका गेटातून बाहेर पडले. घर दीड तासावर. शंकरने त्यांची पिशवी स्वतः उचलून दिली. मला म्हणाले, “येतंय रे.”

आठ दिवसांनी पोटभर जेवलो.

१५ मार्च

गेटवर शंकरने थट्टा केली नाही. काका पोचल्याचे कळवायला सकाळी जुलियाबाईंचा फोन आला होता, म्हणाला. बोटीची तारीख अलीकडे आली. डायलन काल दुपारी दोनला घरातून निघाला.

सुई सकाळी नऊला आली होती.