बोल्टवरचे लाल ठिपके

आप्पा, तुम्ही विसरायला लागलात, ते आमच्या आधी तुम्हाला कळलं होतं का? एवढंच विचारायचंय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि हे आत्ता मनात यायचं कारण म्हणजे फणसवाडीतल्या मास्तरांची जुनी गाडी गेल्या आठवड्यात आपल्या लालबागच्या गॅरेजात आली. मास्तरही आता नाहीत. त्यांची मुलगी गाडी टो करून घेऊन आली. येत्या पाडव्याला वडलांची गाडी स्वतः चालवत ठाकूरद्वारपर्यंत न्यायची, असं तिनं मनात घेतलंय. म्हणाली, दादा, क्लच दाबला की इंजिन मान टाकतं आणि पुढून ठक् असा आवाज येतो.

बॉनेट उघडून मी तिलाच आत बसवलं, तुम्ही मला बसवायचात तसं. इंजिन बंद ठेवून तिला क्लच दाबायला लावला आणि खाली वाकून क्रँकच्या पुलीकडे बघत राहिलो. पाय खाली गेला की पुली पुढे, सोडला की मागे, उघड्या डोळ्यांना दिसेल इतकी. मग सरकणं मोजायचा गेज लावून लोखंडी पट्टीनं क्रँक रेटला, तर काटा भलताच फिरला. क्रँकनं आपल्या जागी गोल फिरावं, पुढेमागे सरकू नये, म्हणून त्याला दोन्ही अंगांनी आवरून धरणाऱ्या थ्रस्ट वॉशर पार झिजल्या होत्या. मला वाटलं, सिग्नलला क्लचवर पाय ठेवून बसायची खोड असणार मास्तरांना. ती मलाही होती. परळच्या सिग्नलला तुम्ही गुडघ्यावर मारलेली चापट अजून आठवते. "मेल्या, पाय काढ. गाडी काय तुझ्या बापाची?" म्हणालात, आणि बाप तर शेजारीच बसलेला. मी हसलो, तेव्हा दुसरी बसली.

पण ऑइल चेंबर उतरवून क्रँक धरून ठेवणारी मधली कॅप सोडवली आणि बघतो तर काय, वॉशर उलट्या बसवलेल्या. तेलाच्या खाचांची बाजू ब्लॉककडे आणि कोरडं पोलाद क्रँकला घासतंय. खाचा क्रँककडे, जिथे घासतं तिथे तेल पाहिजे, हे तर तुम्ही मला अगदी सुरुवातीला शिकवलंत. कुठल्या गाढवानं हे केलं, म्हणून मी शिवी घातली, आणि मग बोल्टवरचे लाल ठिपके दिसले. ताईची नेलपॉलिश तुम्ही संपवायचात, ती रडायला लागली की कासाराच्या दुकानात स्वतः जाऊन लालभडक बाटली मागायचात, आणि बांगड्या भरायला बसलेल्या बायका हसून बेजार व्हायच्या. बोल्ट आवळला की ठिपका. ठिपका दिला की काम संपलं, परत हात लावायचा नाही, हा तुमचा कायदा. मास्तरांच्या इंजिनात मात्र एका ठिपक्यावर दुसरा, त्याच्यावर तिसरा, असे थर चढलेत. म्हणजे काम तुमचंच, आणि पुन्हा पुन्हा उघडलेलं.

हे इंजिन तुमच्या हाताखाली होतं त्या दिवसांतले तुम्ही मग दिसायला लागलात. मी दुसऱ्या गाडीखाली आडवा आहे आणि तुम्ही हाक मारताय, ये रे, क्लच दाब. मी दाबतो. तुम्ही वाकून पुली बघता, मान हलवता, आणि घटकाभरानं पुन्हा हाक. मी वैतागून म्हणतो, आप्पा, सकाळपासून किती वेळा दाबू? आणि जन्मात कुणापुढे हात न पसरलेले तुम्ही म्हणता, "दाब रे बाबा एकदा. माझ्यासाठी." मला वाटायचं, तुमचा माझ्यावर भरवसा नाही. तुमचा स्वतःच्या हातांवरचाच उडाला होता, आप्पा. ठिपका समोर दिसत असेल, पण तो बोल्ट आवळून मग दिला, की आवळायचं राहूनच गेलं, हे आठवत नसेल. पुढे तुम्ही मलाच गिऱ्हाईक समजून गाडी कुठे लावलीय विचारायला लागलात, तेव्हा कुठे आमचे डोळे उघडले. तोवर एकट्यानंच ते सगळं गिळत होतात. फार वाईट वाटतं, आणि रागही येतो. आईला तरी सांगायचंत.

मास्तरांच्या मुलीला मी खरं ते सांगितलं, हे काम आप्पांचंच, वॉशर उलट्या बसल्यात. तिला नवल वाटलं नाही. म्हणाली, "बाबांना आवाजावरून कळलं होतं. दुसरीकडे दाखवली तर आप्पांच्या कानावर जाईल, म्हणून गाडी झाकूनच ठेवली." म्हणजे फणसवाडीत बसून मास्तरांना कळलं, आणि मी तुमच्या शेजारी उभा राहून क्लच दाबत होतो. तेव्हापासून मला झोप लागत नाही. गिऱ्हाईक माझ्याकडे बघून गप्प राहिलं की वाटतं, हाही काहीतरी झाकतोय का?

कारण हल्ली माझंही काही खरं नाही. परवा गॅरेजचं शटर उघडंच ठेवून घरी आलो. पोस्टाच्या कोपऱ्यावर रोज भेटणाऱ्या माणसाचं नाव आठवेना. ही म्हणते, डॉक्टरांना दाखवू या. मी तिच्यावर खेकसलो, वय झालं की होतं असं. तुम्हीही आईला हेच म्हणायचात.

मास्तरांची गाडी तयार आहे. क्रँकच्या घासलेल्या कडा घासून सारख्या करून आणल्या, त्या मापाच्या नव्या वॉशर बसवल्या, खाचा क्रँककडे. गेजचा काटा आता जेमतेम हलतो. पाडव्याला ती ठाकूरद्वारला जाईल. हे लिहिलेलं कुठे टाकणार, तुमचा पत्ता कुणाकडे आहे? खिशात राहील, मग कपड्यांबरोबर धुऊन निघेल. हिला सांगितलंय की डॉक्टरांची वेळ घेतली. घेतलेली नाही. मधल्या कॅपचा बोल्ट आवळून ठिपका दिला, हात धुऊन आलो, आणि खात्रीच वाटेना. परत सगळं उतरवलं. वॉशर बरोबर होत्या, आप्पा. पण त्या बोल्टवर आता माझेही दोन ठिपके आहेत.