हसनाचा भारा

धाकटे नूरिये, सलाम घे आणि आधी डोळे पूस. तुझी लेक हसना माझ्या घरात ठीक आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

आल्या आल्या तिनं म्हशीच्या चाऱ्याचं चोलान म्हणून दुसरंच लव्हाळं कापून आणलं. तू शिकवलंस तसं तुऱ्याचा रंग बघून. पण इथल्या दलदलीचं पाणी खारट, दोन्हींचे तुरे तपकिरीच. तू लग्नात दिलेल्या म्हशीनं तोंड फिरवलं, दूध आटलं. शेजारची उम्म जासिब सगळ्यांसमोर म्हणाली, "काय गं खैरिया, सून शहरातनं आणलीस का?"

दुसऱ्या दिवशी पोरगी एकटीच होडी घेऊन गेली. एकेक काडी बोटांत फिरवून बघितली. चोलान गरकन फिरतं, दुसऱ्याच्या कडा बोटाला अडतात. हे मलासुद्धा माहीत नव्हतं!

आता म्हैस अख्खा भारा संपवते. काल उम्म जासिब स्वतःचा भारा घेऊन दारात. "हसना, बघ गं जरा, बरोबर आहे का?" मी तिला चहा मुद्दाम उशिरा दिला.

बसवाल्याबरोबर वाडगाभर साय पाठवलीय. त्याच म्हशीची आहे. रोटीबरोबर खा, आणि रडणं बंद कर.

तुझी थोरली बहीण,
खैरिया