ढकलल्याशिवाय अस्सल नाही

कोसाड, सुरत
फेब्रुवारी १९९६

तीर्थस्वरूप सुपडूदाजी यांस धाकटा मेहुणा उखा याचा वाकून दंडवत (खांदा वाकू देतो तेवढा). इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत, फक्त आमची कारभारीण उषाबाई माझ्याशी बोलत नाही. तुमचा गुडघा काय म्हणतो? आक्काला सांगा, पापड पोचले, निम्मे वाटेत मोडले, पण चव शाबूत आहे.

पत्रास कारण की मी परीक्षक झालो होतो. हसू नका. आमच्या मगनशेठना (ज्यांच्या पर्वत पाटियाच्या कारखान्यात मी साड्यांच्या घड्या घालतो) जुन्या मोटारींचा नाद लागला आहे. आमच्या गावच्या जहागीरदारांची मोटार भंगारात गेली होती ना, तिची नंबराची पाटी आणि इंजिन म्हणे शेठच्या हाती लागलं. तेवढ्यावर त्यांनी बाकीची अख्खी मोटार नवी घडवून घेतली, म्हणजे बटण सापडलं म्हणून सदरा शिवला. आता जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात ‘अस्सल’चं बक्षीस हवं, तर मूळ मोटार पाहिलेल्या माणसाची सही लागते. मी त्याच गावचा, हे शेठना कुठून तरी कळलं. त्यांनी मला खुर्चीवर बसवून चहा पाजला (कपबशीतून) आणि म्हणाले, सही कर, तुझ्या हर्षदाच्या लग्नात जावयाची वरात याच मोटारीतून काढू. तुमची भाची त्या दिवसापासून हवेतच होती. उषाबाईने तर साऱ्या कॉलनीत सांगून टाकलं.

प्रदर्शनात मुंबईचे बडे परीक्षक भिंग घेऊन आले होते. एका स्क्रूचं डोकं नव्या पद्धतीचं निघालं म्हणून त्यांनी गुण कापला, गाद्यांची शिवण जुन्या धाटणीची म्हणून परत दिला. सगळे मोटारीचं तोंड बघत होते, मी मात्र सरळ मागे गेलो. कारण दाजी, खरं सांगायचं तर त्या मोटारीचं तोंड मी कधी धड पाहिलेलंच नाही. जहागीरदार बाहेर निघाले की आम्हा पोरांना मोटार ढकलायला हाळी यायची, आणि ढकलून झालं की हातावर गुळाचा खडा. तुम्हाला वेगळं काय सांगू? तुमच्या लग्नात मारुतीच्या पारापासून मांडवापर्यंत आम्हीच तुम्हाला ढकलत आणलं, तुम्ही आत फेटा सावरत बसला होता. तर मी बाह्या सारल्या, खांदा लावला, आणि तेवढ्यात ड्रायव्हरने बटण दाबलं. मोटार पहिल्याच दाबात सुरू होऊन पुढे गेली आणि मी दाणदिशी तोंडावर पडलो. पडल्या जागेवरूनच सांगितलं, ही ती नाही.

शेठ गोड आवाजात म्हणाले, “उखाकाका, सही करी दो ने. चालू थाय छे ए तो सारुं ने?” मी म्हटलं, चांगली आहे, पण अस्सल नाही. माणूस खोडीवरून ओळखतात, तशी मोटारही. रंग आणि शिवण कोणीही आणेल, पण तिचं ते रुसून बसणं कुठून आणणार? (मुंबईच्या परीक्षकांनी हे लिहून घेतलं, मग खोडलं.) शेठनी गुरुवारपर्यंत मुदत दिली आहे, नाही तर वरातीला बैलगाडी बघ म्हणाले. घरी आल्यावर उषाबाई एवढंच बोलली, “गाडी चालू व्हस, हाऊ काय तिना गुन्हा शे का?” तेव्हापासून ती भाकरी वाढते आणि तोंड फिरवते. हर्षदाने गुपचूप डोळे पुसले.

तरीही दाजी, मी सही करणार नाही. शेठ कामावरून काढो, सोयरे हसोत, नवरदेव सायकलवर येवो. जिने माझा खांदा कायमचा वाकडा केला तिच्या नावावर दुसरीच कोणी बक्षीस घेऊन जाईल, हे मी जिवंत असेपर्यंत होणार नाही. मोडेन पण वाकणार नाही (खांद्याचं सोडा). आक्काला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

आपला,
उखा

ता. क. पत्र पेटीत टाकायचं राहिलं, ते बरंच झालं. काल कामावरून सुटलो तर पर्वत पाटियाच्या ऐन चौकात तीच मोटार आडवी उभी. आत शेठ घामाघूम, मागे कापडाच्या ताक्यांनी भरलेले टेम्पो भोंगे वाजवताहेत, बटण दाबून ड्रायव्हरचा अंगठा सुजलेला. मी दुरून मनसोक्त बघून घेतलं. मग राहवेना, खांदा लावला. दाजी, तीच आहे. आधी ते ढिम्म न हलणं, मग एकदम गचका, आणि काळा धूर थेट तोंडात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं (धुराने नव्हे). तिच्याच पाठीवर कागद ठेवून मी सही केली. शेठ म्हणाले, उद्याच दुरुस्त करून घेतो. मी बजावलं, हात लावलात तर सही परत घेईन.

आणखी एक. वरात ठरली. तुम्ही लग्नाला दोन दिवस आधी या आणि तुमच्या गावचे पाच तगडे गडी सोबत आणा. त्यांना फक्त जेवणाचं सांगा, मोटारीचं बोलू नका. तुमच्या गुडघ्याची मला काळजी आहे, म्हणून मागच्या बाजूला माझ्या शेजारचीच जागा तुमच्यासाठी राखली आहे. मागच्या वरातीला तुम्ही आत होता. बारडोलीचा गूळ मी आणून ठेवला आहे.